घोडबंदर रस्त्याचा पट्टीनकाशा : प्रकल्प नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

ठाण्यातल्या माजिवड्यापासून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंतचा रस्ता एका लांबट पट्टीवर काढायचा, हे नक्की झाले. मधोमध रस्ता. डाव्या अंगाला येऊरचा डोंगर, उजव्या अंगाला उल्हास खाडी. मधल्या जागेत गाव, पाडा, बंदर, तलाव, कंपनी, थांबा यांची नावे आणि प्रत्येक नावाखाली ते कधीपासून कागदावर आहे त्याचे साल.

हे आत्ताच करायचे कारण डोक्यावर उभे आहे. मेट्रो ४ आणि ४अ चे खांब या रस्त्यावर लागले. स्थानकांची नावे माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, टिकुजिनीवाडी, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली, गोवनीवाडा, गायमुख अशी आहेत. या यादीत पातलीपाडा नाही, वाघबीळ नाही, ओवळा नाही, भाईंदरपाडा नाही, नागला बंदर नाही. लोक स्थानकाचे नाव बोलू लागले की दहा-पंधरा वर्षांत मधली नावे फक्त सातबाऱ्यावर उरतात. पातलीपाडा आणि वाघबीळ यांना निदान उड्डाणपुलांचा आधार आहे. ओवळ्याला तोही नाही.

मापाचे गणित असे. प्रमाण १:५,००० धरले की १ सेंमी म्हणजे ५० मीटर. कापूरबावडी ते गायमुख साधारण १० किलोमीटर, म्हणजे कागदावर २ मीटर. मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरचा २४ इंची रोल ६१ सेंमी रुंद असतो, त्यात ३ किलोमीटर मावतात. डोंगराच्या पायथ्यापासून कोलशेतच्या खाडीपर्यंत एवढी रुंदी पुरते. गायमुखाच्या पुढे वस्ती विरळ, म्हणून तो भाग १:१०,००० ने काढायचा. एकाच पट्टीवर दोन प्रमाणे आली तर जोडावर जाड रेघ हवी आणि दोन्ही बाजूंना वेगळी मोजपट्टी हवी. नाहीतर बघणारा गायमुखापुढच्या चेना गावाचे अंतर निम्मेच समजेल.

रविवार, १९ जानेवारी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांच्या शीटा. आपला रस्ता एका शीटवर येत नाही. १९ अंश १५ मिनिटांची अक्षांशाची रेघ त्याला मधेच कापते. माजिवडा, मानपाडा ४७ ए/१६ वर, आणि कासारवडवलीपासून वर घोडबंदरपर्यंत ४७ ए/१५ वर. फक्त १६ नंबर मागवून 'घोडबंदर सापडत नाही' म्हणणारे बरेच भेटतात, त्याचे कारण हेच. पूर्वेला ७३ अंशांची रेखांशाची रेघ जवळ आहे, म्हणून खारेगाव-कळव्याची बाजू हवी असेल तर ४७ ई/४ सुद्धा लागते.

इंचाला मैल असलेल्या जुन्या शीटवर (१:६३,३६०) १ मिलीमीटर म्हणजे ६३ मीटर. रस्त्याची रेघच अर्धा मिलीमीटर जाड असते. तेव्हा त्या शीटवरून 'जुना रस्ता आजच्या रस्त्याच्या २० मीटर डावीकडे होता' असले विधान करता येत नाही. गाव कुठे होते, तलाव होता का, खाजण (भरतीत बुडणारी खाडीकाठची जमीन) कुठवर होते, एवढेच तिला विचारावे.

शनिवार, १ फेब्रुवारी

शीटा क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या संगणक प्रणालीत, बसवल्या. पहिल्या प्रयत्नात सगळी गावे ढकलल्यासारखी दिसली. कारण साधे होते. पृथ्वीचा आकार धरायची दोन वेगळी मापे: जुन्या शीटा एव्हरेस्ट गोलाभावर, मोबाइलचे जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. दोघांत आपल्या भागात शंभर मीटरच्या घरात सरक पडते. शीटच्या कोपऱ्यातले अक्षांश-रेखांश थेट टाकले की ही सरक अंगावर येते. कोपरे टाकताना जुना आधार निवडायचा आणि मग रूपांतर करायचे.

ताळ्याचे बिंदू, म्हणजे जुन्या शीटवर आणि आजच्या नकाशावर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा, चारावर भागतात, पण आठ-दहा घ्यावेत आणि ते पूर्ण शीटभर पसरलेले असावेत. चालणारे बिंदू: किल्ल्याचा बुरूज, जुने देऊळ, चर्च, रेल्वेमार्ग, सर्वेक्षणाचा त्रिकोणमितीचा दगड. न चालणारे: नाल्याचे वळण, खाडीचा काठ, रस्त्याचा वाक. पाणी जागा बदलते, आणि रस्ता तर आपण तपासायलाच निघालो आहोत. जे तपासायचे तेच पुरावा म्हणून धरले तर नकाशा नेहमी बरोबरच दिसणार.

आणखी एक. थिन प्लेट स्प्लाइन (शीट रबरासारखी ताणून बसवायची पद्धत) लावले की त्रुटी शून्य दाखवते. ती शून्यता फक्त आपण दिलेल्या बिंदूंवर असते, मधला भाग कुठेही ताणला गेलेला असू शकतो. साधे पहिल्या घाताचे, पूर्ण शीट एकसारखी बसवणारे, रूपांतर ठेवावे. त्रुटी दिसते, पण ती खरी असते.

रविवार, ९ फेब्रुवारी

गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या १८८२ च्या मालिकेत ठाणे जिल्ह्याला तेरावा आणि चौदावा खंड. तेराव्यात लोक, शेती, इतिहास, व्यापार. गावांची वर्णने चौदाव्यात. घोडबंदर शोधायचे तर चौदावा उघडावा. शोधताना रोमनमध्ये शेवटी 'ए' लावून 'ठाणे' टाकले तर काही येत नाही, तिथे 'ठाणा' आहे.

पट्टीवर जाणारी साले काढली. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा ठाण्याबरोबर हाही हाताला आला. डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे इंग्रजांकडे गेले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते कायम झाले. सतराव्या शतकातला इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर घोडबंदरला 'ग्रेबोंदेल' म्हणतो. हे नाव पट्टीवर किल्ल्याखाली बारीक अक्षरात ठेवायचे, कारण जुन्या इंग्रजी कागदांत शोधणाऱ्याला तेच उपयोगी पडेल.

वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या भागातला हमरस्ता म्हणजे खाडी. वसईपासून ठाण्यापर्यंतची वाहतूक पाण्यावरून. घोडबंदर, नागला बंदर ही नावे रस्त्याच्या आधीची आहेत आणि ती पाण्याकडे तोंड करून ठेवलेली आहेत. रस्ता नंतर त्यांच्या पाठीमागून गेला. म्हणून पट्टीवर खाडी नुसती निळी कडा म्हणून काढायची नाही. तिला रस्त्याइतकाच ठसठशीतपणा द्यायचा आणि बंदरांची नावे पाण्याच्या बाजूने लिहायची.

रविवार, १६ फेब्रुवारी

नावांची नोंद, माजिवडा ते ओवळा, सकाळी ७ ते ११. प्रत्येक नावाला एक कागद. रकाने सहा: बोलण्यातले नाव, थांब्याच्या फलकावरचे, महसुली गावाचे, रस्त्याची बाजू (डोंगर की खाडी), जीपीएस, नाव कुठे लिहिलेले दिसले (देवळाची कमान, शाळा, दुकानाची पाटी, विजेचा डीपी). शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. नवीन टॉवरच्या पाटीवर गावाचे नाव गळते, पण जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेवर आणि ग्रामदेवतेच्या कमानीवर ते शाबूत असते.

एक ठोकताळा तपासला: 'पाडा' डोंगराकडे, 'बंदर' खाडीकडे, 'वडे' किंवा 'वडवली' मधे. बऱ्याच ठिकाणी जुळतो. मोघरपाड्याला मोडतो, तो खाडीच्या बाजूला आहे. तेव्हा ठोकताळा टिपेत लिहायचा नाही. ज्याला दिसायचा त्याला पट्टीवर दिसेल.

शुद्धलेखनाचा घोळ मोठा. माजिवडा की माजिवडे, ओवळा की ओवळे, पातलीपाडा की पाटलीपाडा, बाळकुम की बाळकूम. ठरवले ते असे: महसुली कागदातले नाव ठळक, त्याखाली बोलण्यातले नाव साध्या अक्षरात. दोन्हींतले कुठलेही चूक म्हणून काढायचे नाही.

नेटवर शोधताना खबरदारी: मानपाडा डोंबिवलीलाही आहे, वडवली कल्याणकडेही आहे. बातमी किंवा दस्त हाती आला की आधी तालुका, मग पिनकोड बघायचा. तीन कात्रणे या एका कारणाने बाद झाली.

शनिवार, १ मार्च

सातबारे आणि फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी). सगळ्यांत वेळ खाणारे आणि सगळ्यांत खरे काम.

पट्टीवर रस्त्यालगतचे दर सर्व्हे नंबर दाखवणे शक्य नाही. म्हणून चार गावांतला रस्त्याला टेकलेला एकेक नंबर निवडायचा आणि त्याचा माग शेवटपर्यंत न्यायचा. क्रम: आधी गाव नकाशा, मग आकारबंद (गाव नमुना १, दर नंबराचे क्षेत्र आणि सारा), मग आजचा सातबारा, आणि त्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही. जुनी पाने 'आपले अभिलेख' या शासनाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली असतात. तिथे गाव आणि नमुन्याचा प्रकार नीट निवडला नाही तर 'उपलब्ध नाही' येते. पान असते, आपण चुकीच्या खणात शोधत असतो.

अशा एका पानावर काय सापडते ते क्रमाने लिहून ठेवतो, पुढच्यांना वाचता यावे म्हणून.

सर्वांत खाली, फिकट शाईत, खोताचे किंवा सावकाराचे नाव कब्जेदार म्हणून, आणि कुळाच्या रकान्यात गावातले आगरी किंवा कोळी आडनाव. मग १ एप्रिल १९५७ चा फेरफार येतो. तो कृषक दिन. कूळ कायद्याने त्या दिवसापासून कसणारा मालक मानला गेला. त्या कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे किंमत ठरली, ती हप्त्याने भरली, आणि इतर हक्कात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' हा शिक्का बसला. म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही. या रस्त्यावरच्या अर्ध्या इतिहासाची किल्ली या एका ओळीत आहे. कुठली जमीन लवकर विकली गेली आणि कुठली अडून राहिली, हे इथून कळते.

त्यानंतर रस्त्याकडेचा तुकडा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे गेल्याची नोंद आणि सोबत कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप. कजाप सापडले तर रुंदीकरणात नेमके किती क्षेत्र गेले ते आर-चौरस मीटरात मिळते. ते नसेल तर फाळणीचे टिपण (नंबराचे तुकडे पाडतानाच्या मोजणीचे) बघावे. मग '३० ऑगस्ट १९७५' दिसले तर समजावे की डोंगराकडची जमीन आहे: खाजगी वन संपादनाचा कायदा त्या दिवशी लागू झाला. १९७६ नंतर 'नाजकधा' हा संक्षेप येतो, नागरी जमीन कमाल धारणा. तो कायदा महाराष्ट्रात २००७ च्या नोव्हेंबरअखेर उठला, पण इतर हक्कातली ओळ कमी करून घेतलेली नसेल तर आजही उभी असते. मग बिनशेती आदेश. आणि सर्वांत वर गृहनिर्माण सोसायटी.

क्षेत्र वाचताना होणारी चूक इथेच सांगून ठेवतो. जुन्या पानावर '०-३५' म्हणजे ० एकर ३५ गुंठे, नव्या पानावर ० हेक्टर ३५ आर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, आर १०० चा. त्यामुळे पहिले ३,५४१ आणि दुसरे ३,५०० भरते आणि गफलत लक्षातच येत नाही. पण '१-०५' आले की जुन्या हिशेबाने ४५ गुंठे, म्हणजे सुमारे ४,५५० चौरस मीटर, आणि नव्याने १०,५०० चौरस मीटर. दुपटीहून जास्त. पानाच्या डोक्यावरचा 'एकर-गुंठे' की 'हेक्टर-आर' हा छापील मथळा वाचल्याशिवाय आकडा उतरवायचा नाही.

मोडीतली पाने बाजूला ठेवली आहेत. अंदाजाने वाचायची नाहीत. मोडी जाणणाऱ्याकडून प्रत्येक पान दोनदा, वेगवेगळ्या दिवशी वाचून घ्यायचे आणि दोन्ही वाचने जुळली तरच घ्यायचे.

रविवार, ९ मार्च

किलोमीटरचे दगड. राज्यमार्गाच्या दगडाचा माथा हिरवा असतो. रुंदीकरणात आणि सेवारस्त्यांच्या कामात ते उखडले गेले की परत जागेवर येत नाहीत, दुसरीकडे ओळीने रचून ठेवलेले असतात. म्हणून दगड दिसला की आधी तो मुळात रोवलेला आहे की आणून ठेवलेला, हे बघायचे. पायाभोवती काँक्रीटचा गोल आणि पुढचा-मागचा दगड नेमका १ किलोमीटरवर, या दोन्ही खुणा असतील तरच नोंद.

शनिवार, २२ मार्च

जुन्या रहिवाशांशी बोलण्याची पद्धत ठरवली. 'कोणत्या साली?' हा प्रश्न विचारायचा नाही. साल विचारले की माणूस नम्रपणाने काहीतरी सांगतो आणि ते पाच-सात वर्षांनी चुकते. घटनेला बांधून विचारायचे: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? महानगरपालिका झाली (१ ऑक्टोबर १९८२) तेव्हा इथे नळ होता का? टीएमटी, म्हणजे ठाण्याची शहर बससेवा, सुरू झाली (९ फेब्रुवारी १९८९) त्याआधी एसटी कुठे थांबायची? २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आले होते?

एसटीचा प्रश्न विशेष फळतो. टीएमटीच्या आधीचे एसटीचे थांबे कंडक्टरच्या तोंडी असत, आणि कंडक्टर गावाचे खरे नाव पुकारत असे. बाजाराच्या दिवशी भाजीचे हारे घेऊन चढणाऱ्या बायकांनी जी नावे सांगितली असतील ती इथल्या मातीची. बोलताना आजी-आजोबांना नकाशा दाखवायचा नाही. नकाशा पाहिला की ते रस्त्यावरून विचार करू लागतात. 'घरातून खाडीवर कसे जायचात?' असे विचारले की पायवाट, खाजण, बांध, मिठागर ही सगळी नावे आपोआप येतात.

रेकॉर्डिंगचे नाव असे ठेवायचे: तारीख, महसुली गाव, क्रमांक. माणसाचे नाव फाइलच्या नावात घालायचे नाही. संमतीचा कागद वेगळ्या पाकिटात.

शनिवार, ५ एप्रिल

घरगुती फोटो. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटायचा नाही, पानासकट स्कॅन करायचा. ६०० डीपीआय, टिफ. जाळीदार पृष्ठभागाच्या फोटोंवर स्कॅनरचा उजेड चमकतो. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून घेतला की दोन्हींतून चमक वजा करता येते.

फोटोत माणसांच्या मागे काय आहे ते आपल्याला हवे. लग्नाच्या वरातीच्या एका फोटोत बैलगाडीच्या चाकामागे रस्त्याखालून पाणी काढणारी एक स्लॅबची मोरी आणि तिच्यापलीकडे भाताची खाचरे दिसतात. मोरीचा कठडा दगडी, वरची टोपी सिमेंटची. आज त्या जागी सेवारस्ता आहे. पण मागच्या डोंगराची कड बदललेली नाही. डोंगराची ती वळणे आणि आजच्या फोटोतली वळणे एकावर एक ठेवली की फोटो कुठे उभे राहून काढला ते पंधरा-वीस पावलांच्या आत ठरवता येते. उंच इमारतींमुळे हे काम दरवर्षी अवघड होत चालले आहे. डोंगराची कड जिथून अजून दिसते अशा जागांचे फोटो आधी घेऊन ठेवावेत.

रविवार, २७ एप्रिल

कंपन्यांचा थर. माजिवड्याला गोल्डन डाईज नाका. माजिवड्याच्या अलीकडे हायवेवर नितीन कंपनी आणि कॅडबरी. यांतले कॅडबरी आता मेट्रोच्या स्थानकालाही लागले. रसायन, रंग आणि औषधांच्या कारखान्यांनी या पट्ट्याला दोन पिढ्या पोसले आणि त्यांच्या वसाहतींनी इथे पहिल्या पक्क्या इमारती उभ्या केल्या.

कोलशेत रस्त्यावरचे एक उदाहरण पट्टीवर पूर्ण दाखवायचे. कंपनी सँडोझ. १९९५ मध्ये तिचा रसायन विभाग वेगळा होऊन क्लॅरियंट झाला. पुढे कारखाना गेला आणि त्या जमिनीवर लोढांची मोठी वसाहत आली. तीन नावे, एक जमीन. पण टपाल खात्यात पहिले नाव अजून जिवंत आहे: सँडोझबाग, ४००६०७. टपालाचा हा थर आधी यादीत नव्हता. आता घातला. पोस्ट ऑफिसचे नाव सहसा बदलत नाही, त्यामुळे ते उघडले त्या काळातले नाव तिथे टिकून राहते. कासारवडवली ४००६१५, बाळकुम ४००६०८ हेही नोंदले.

कंपनीच्या नावाखाली साल लिहिताना स्थापनेचे साल, कारखाना सुरू झाल्याचे साल आणि जमीन घेतल्याचे साल यांची गल्लत होते. कंपन्यांच्या पत्रकात बहुधा पहिलेच छापतात. आपल्याला दुसरे हवे, आणि ते मिळाले नाही तर सालाची जागा मोकळी. तिसरे फेरफारावरून मिळते.

बुधवार, ११ जून. ज्येष्ठ पौर्णिमा

उधाणाच्या भरतीत मोऱ्या पाहिल्या. दिवस मुद्दाम निवडला. कोळ्यांचा हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: अष्टमीला भरती सहाला, द्वादशीला नऊला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आत खाडीत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे अकराला उभे राहून दोनपर्यंत थांबायचे.

लागणारे सामान: दर १० सेंमीवर लाल-पांढरा पट्टा मारलेली २ मीटरची काठी, घड्याळ, टीडीएस मापक (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे), दोरीला बांधलेला डबा, चमकती जॅकेटे. स्वस्त टीडीएस पेन ९,९९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग क्षार) पुढे जात नाही. समुद्राचे पाणी ३५,००० च्या आसपास. म्हणून नमुना गोड्या पाण्यात दहास एक असा पातळ करायचा आणि येणाऱ्या आकड्यातून गोड्या पाण्याचा वाटा वजा करून दहाने गुणायचे. हे न केल्याने पहिल्या तिन्ही नोंदी एकसारख्या आल्या होत्या आणि बाद करायला लागल्या.

ओवळा-भाईंदरपाड्याच्या बाजूला एका मोरीजवळचे दृश्य नोंदवतो. सव्वाअकराला पाणी डोंगराकडून खाडीकडे, संथ, गढूळ. पावणेबाराला थांबले. वर तरंगणारी पाने एका जागी गोल फिरू लागली. बाराला पाच मिनिटे असताना ती उलटी निघाली, डोंगराकडे. काठावर निवट्या (चिखलावर सरपटणारे खाडीतले मासे) दिसत होत्या, म्हणजे खारे पाणी इथवर रोज येते. मोरीच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या पलीकडे, गटारात तिवराची दोन रोपे.

आपल्या पट्टीचा कणा हाच आहे. हा रस्ता डोंगराचा पायथा आणि खाजण यांच्यामधल्या कोरड्या शिरेवरून गेलेला आहे. गावे याच शिरेवर बसली, कारण वर जंगल आणि खाली खारे पाणी. डोंगराचे सगळे पाणी रस्त्याच्या पोटातून मोऱ्यांनी खाली जाते. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की मोरीच्या खालच्या तोंडाशी खाडी उभी असते आणि वरच्या तोंडाशी डोंगराचे पाणी. पाइप मोठा केला तरी या दोन-तीन तासांत फरक पडत नाही, कारण पाण्याला उतरायला पातळीचा फरकच नसतो. पूर्वी हे पाणी खाचरांत आणि खाजणात पसरून थांबायचे. आता तिथे भराव आहे. अशा भरावावर बंधने घालणारी किनारा नियमनाची अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. त्याआधी झालेला भराव आणि नंतरचा, पट्टीवर वेगवेगळ्या रेघांनी दाखवायचा.

मोऱ्यांच्या नोंदीत पाइपचा व्यास लिहिताना आतला व्यास लिहावा. तळाशी गाळ असेल तर गाळाची जाडी वेगळी. ९०० मिमीच्या पाइपात ४५० मिमी गाळ म्हणजे निम्मी मोरी बंद, पण कागदावर ती ९०० चीच राहते.

शनिवार, २८ जून

गायमुख घाट. इथे शीर संपते. डोंगर आणि खाडी एकमेकांना जवळजवळ भेटतात आणि रस्त्याला डोंगराच्या अंगावर चढावे लागते. रस्ता सारखा का उखडतो, याची कारणे पट्टीच्या टिपेत द्यायची, कारण लोक तेच विचारतात.

डोंगराचे पाणी वरून वाहते तसे कातळाच्या फटींतून रस्त्याच्या थराखालीही झिरपते. पाणी आणि खडी यांची जवळीक डांबरापेक्षा जास्त, म्हणून ते खडीवरचे डांबर सोडवते. त्यात चढावर अवजड वाहने हळू चालतात आणि उतारावर ब्रेक लावतात. सावकाश जाणारे वजन डांबराला जास्त वेळ दाबते, मग चाकोरी पडते आणि वाकणाच्या बाहेरच्या अंगाला डांबर सरकून उंचवटा होतो. जेएनपीटीकडून (न्हावाशेवा बंदर) गुजरातकडे जाणारी वाहतूक इथूनच जाते. वरचा थर कितीही चांगला घातला तरी डोंगराच्या कडेचे गटार वाहते नसेल तर पुढच्या पावसाळ्यात तीच जागा.

घाटापुढे मीरा-भाईंदरची हद्द. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला विभाग रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाला आणि बाकीचे उद्यान दुसऱ्या अंगाला. रस्ता दोघांच्या मधून जातो. जनावरांची ये-जा इथूनच, पुढे तुंगारेश्वर अभयारण्यापर्यंत. पट्टीवर हिरवा रंग रस्त्याखालून अखंड न्यायचा, दोन्ही बाजूंना तोडायचा नाही.

रविवार, २० जुलै

पहिला छापील खर्डा. सापडलेल्या चुका:

कासारवडवलीचे अक्षर शीटांच्या जोडावर आल्याने दोनदा उमटले. तलावांचा निळा आणि खाडीचा निळा एकच झाला, गोड्या पाण्याला फिकट द्यायचा. देवनागरी जोडाक्षरे प्लॉटरमध्ये फुटली: 'क्लॅरियंट' मधला 'क्ल' सुटा पडला. फाँट पीडीएफमध्ये बसवून पाठवला नव्हता. पुढच्या वेळी मजकुराच्या बाह्यरेषा करूनच पाठवायचे, पण त्याआधीची संपादन करता येणारी प्रत वेगळी जपून.

मोठी चूक वेगळीच होती. मेट्रो स्थानकांची नावे इतकी मोठी आली की वाघबीळ आणि ओवळा शोधावे लागत होते. ज्यासाठी पट्टी काढली तेच मागे पडले. आता स्थानकांना फक्त एक ठिपका आणि सात पॉइंटचे अक्षर. गावांना चौदा.

शनिवार, २ ऑगस्ट

दुसरा खर्डा तपासून झाला. उरलेले काम: मोघरपाड्याचे नाव खाडीच्या कडेपासून दीड सेंमी आत घ्यायचे, तिथे मेट्रोच्या कारडेपोची (गाड्या उभ्या करायच्या जागेची) हद्द येते. चेन्याच्या पुलाजवळ प्रमाणबदलाची जाड रेघ नदीवर पडली आहे, ती गायमुखाकडे सरकवायची. भाईंदरपाड्याच्या मोडी पानांचे दुसरे वाचन यायचे आहे, तोवर त्या गावाखालची सालाची जागा मोकळी. नागला बंदराचे नाव पाण्याच्या बाजूने, अक्षरे खाडीतून वाचता येतील अशी, उलटी फिरवून लावली आहेत. छापखान्याला तसे लेखी कळवायचे, नाहीतर ते चूक समजून सरळ करतील.